उत्तराआधीची हिरवी खूण

देव प्रत्येकाला एखादी खोड देऊनच खाली धाडतो म्हणतात. धाकट्याला त्याने ‘झालं’ म्हणायची खोड दिली. अभ्यास झाला का विचारलं की पुस्तक उघडायच्या आधी ‘झालं’. बूट पुसलेस का, तर ‘झालं’, आणि ब्रश अजून खोक्यातच. मुलगा खोटारडा नव्हता. करायचं ते त्याच्या मनात पक्कं असायचं, आणि मनात पक्कं झालं की त्याच्या लेखी ते काम उरकलेलंच असायचं. आई होती तोवर ती हसण्यावारी न्यायची. थोरल्या भावाने मात्र त्याला झालंराव म्हणायला सुरुवात केली. पुढे मिशा आल्या, नोकरी लागली, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागले, तरी ते नाव काही सुटलं नाही.

थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी, घरात आली तेव्हा धाकटा शाळेत होता. सासू गेल्यावर त्याचं खाणंपिणं, दुखणंखुपणं तिनेच पाहिलं. त्यामुळे दीर असला तरी ती त्याला अरे-तुरेच करायची. तिच्या तोंडून ‘भाऊजी, तुम्ही’ निघालं की समजावं, काहीतरी बिनसलंय.

घर तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, रस्त्यापासून थोड्या पायऱ्या उतरून, एक बेकरी होती. वहिनीचे गुडघे जिन्याशी अबोला धरून बसलेले. म्हणून तिने एक वेताची टोपली दोरीला बांधली होती. सकाळी टोपली खाली सोडायची, दोरी खिडकीच्या गजाला बांधायची आणि आपल्या कामाला लागायचं. गजापाशी एक घंटा अडकवलेली. भट्टीवरून सवड झाली की बेकरीवाला वर यायचा, टोपलीत पाव ठेवायचा आणि दोरीला झटका द्यायचा. घंटा वाजली की टोपली वर ओढायची. थोरल्याला कडक भाजलेला पाव लागे, वहिनीला मऊ, आणि धाकट्याला वर तीळ लावलेला. हे बेकरीवाल्याला सांगावं लागत नसे. धाकटा दप्तर घेऊन शाळेत जायचा तेव्हापासून त्याचा तिळाचा पाव त्या माणसाने कधी चुकवला नव्हता.

एकदा पावाची वाट बघता बघता वहिनीने विचारलं, की तू दिवसभर त्या संगणकापुढे बसून करतोस तरी काय. तो म्हणाला, लोकांना फोनवर जे दिसतं ते मी बनवतो. पानं, बटणं, खुणा. बटण दाबलं की एक मागणी दूरच्या संगणकाकडे जाते आणि तिकडून उत्तर येतं. आता ते येईपर्यंत पानाने काय करायचं, हा आमचा प्रश्न. एक तऱ्हा अशी, की टोपली सोडून दोरी हातात धरायची आणि खिडकीत उभं राहायचं. पाव येईतो हलायचं नाही, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. त्याला सिंक्रोनस म्हणतात. दुसरी तऱ्हा तुझी. दोरी बांधायची, कामाला लागायचं, घंटा वाजली की वळायचं. ती असिंक्रोनस.

वहिनी म्हणाली, यात एवढं शिकायला कॉलेजात जावं लागतं होय, मी तर हे बिनपगारी करते. मग भांडं विसळता विसळता तिने विचारलं, “आणि घंटा वाजलीच नाही तर?”

“त्याचीही सोय असते,” धाकटा म्हणाला. तेवढ्यात घंटा वाजली आणि विषय तिथेच राहिला.

त्याचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर होतं. लांबट खोली, एकमेकांकडे पाठ करून मांडलेली टेबलं, आणि खिडकीत सुकत चाललेलं एक झाड, ज्याला पाणी घालायची पाळी कायम दुसऱ्याचीच असायची. धाकटा पुढची बाजू बघायचा, म्हणजे दिसणारी. मागची, म्हणजे उत्तरं देणारी बाजू जो बघायचा त्याला सगळे मागचाच म्हणत. मागचा म्हणायचा, मी आत चुलीपुढे घामाघूम व्हायचं आणि वाढायला हा नटूनथटून बाहेर जाणार, मग लोक म्हणणार वाढप छान होतं. या सगळ्यांवर बाई. ऑफिस बाईंचं. कामं आणायच्या त्याच आणि लोकांची बोलणी खायच्याही त्याच.

बाईंनी इस्पितळाचं एक काम आणलं होतं. तिथल्या अतिदक्षता विभागात एका वेळी एकाच नातेवाइकाला आत सोडत. दारात नुसती झुंबड व्हायची. म्हणून असं ठरलं, की ज्याला भेटायचंय त्याने फोनवरून वेळ मागून घ्यायची, आणि दारावरच्या काकांनी टॅबलेटवर नाव बघून सोडायचं. दारावरचे काका म्हणजे तिथले जुने पहारेकरी, अंगाने दणदणीत, आवाज त्याहून दणदणीत. तो टॅबलेट मात्र ते चहाच्या ट्रेसारखा दोन्ही हातांवर आडवा धरत, सांडेल की काय अशा बेताने.

पहिलं पान धाकट्याने घाईघाईत सिंक्रोनस करून दिलं होतं. बटण दाबलं की उत्तर येईपर्यंत अख्खं पान थिजायचं. लोकांना वाटायचं फोनच बिघडला. ते दाबत सुटायचे, मग इस्पितळात फोन करायचे, आणि इस्पितळवाले बाईंना. बाईंनी सांगितलं, आधी हे मोकळं कर. त्याने ते असिंक्रोनस केलं. इथवर त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याच्या धंद्यातली शहाणी माणसं असंच करतात. पण उत्तर येईपर्यंत पडद्यावर एक लहानसं चाक गरगरायचं. बाई म्हणाल्या, ज्यांचं माणूस आत आहे त्यांचा जीव आधीच टांगणीला लागलेला, त्यात हे चाक कशाला. धाकट्याला पटलं. रिकाम्या असतील तेवढ्याच वेळा पानावर दिसत, त्यामुळे उत्तर ‘हो’ असंच येणार, आणि तेही पापणी लवायच्या आत. मग त्याने चाक काढून टाकलं, आणि बटणाला बोट लागताक्षणी हिरवी खूण उमटेल असं केलं. खुणेखाली शब्द घातले, ‘झालं. तुमची वेळ नक्की.’ मागणी आपली मागाहून जात राहील. ती पोचलीच नाही तर काय, त्या जागेवर त्याने स्वतःपुरती एक ओळ टाकून ठेवली, ‘हे नंतर बघू’. पान पाण्यासारखं चालू लागलं. सगळ्यांनी वाखाणलं आणि धाकट्याने चहा पाजला.

पुढे एके सकाळी वहिनीने टोपली सोडली आणि घंटा वाजलीच नाही. बऱ्याच वेळाने तिने खिडकीतून वाकून पाहिलं. रिकामी टोपली वाऱ्यावर गोल फिरत होती आणि बेकरीचं शटर खाली होतं. धाकटा मोजे चढवत बसला होता. तेवढ्यात शेजारीण आली आणि दारातूनच म्हणाली, की बेकरीवाल्याची आई पहाटे गेली.

मग तिने बसून सगळं सांगितलं. म्हातारी इस्पितळात होती. भट्टीच्या वेळा आणि भेटीच्या वेळा जुळेनात, म्हणून बेकरीवाल्याने आदल्या दुपारची वेळ फोनवरून मागून घेतली होती. हिरवी खूण आली, तसा तो निर्धास्त झाला. पिठाचे हात धुतले, धुवट सदरा घातला आणि गेला. दारावरच्या काकांच्या टॅबलेटवर त्याचं नाव नव्हतं. त्या वेळेला भलत्याचंच नाव होतं. याने फोन दाखवला. काका म्हणाले, फोन काय, काहीही दाखवतो, माझ्याकडे नाव नाही. शब्दाने शब्द वाढला. बेकरीवाल्याने काकांना ढकललं, माणसं गोळा झाली, आणि त्या गोंधळात वेळ निघून गेली. उद्या या म्हणून त्याला परत लावलं. तो उद्या म्हातारीला मिळाला नाही. आणि इस्पितळाने काकांना घरी बसवलं, कारण चौकशी केली तर फोनवाल्या कंपनीने सांगितलं की त्यांच्याकडून सगळं ठीक आहे. म्हणजे काकांनीच नाव पुसलं असणार, कुणाची तरी भीड पडली असेल.

वहिनी ‘देवा’ म्हणून खाली बसली. धाकट्याच्या हातातला मोजा हातातच राहिला. फोनवाल्या कंपनीने सांगितलं, म्हणजे त्यानेच सांगितलं होतं. काल संध्याकाळी बाईंनी फोन कानाशी धरून त्याला विचारलं होतं, की इस्पितळाच्या पानात काही गडबड आहे का, तपासून सांग. तो दुसऱ्या एका पानाच्या बटणाशी झटापट करत होता. मान वरही न करता तो म्हणाला होता, “झालं तपासून. आपलं सगळं ठीक आहे.”

ऑफिसात सगळ्यांच्या आधी जाऊन त्याने फोनवर इस्पितळाचं पान उघडलं, मग फोनचं इंटरनेट बंद केलं आणि बटण दाबलं. हिरवी खूण आली. झालं. तुमची वेळ नक्की. बाहेरच्या जगाशी त्या फोनचा काडीचाही संबंध उरला नव्हता, तरी तो हसतमुखाने वेळ नक्की करत होता. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा हिरवी. बेकरीचं तळघर त्याच्या डोळ्यांसमोर आलं. जाड भिंती, भट्टीचा लोखंडी दरवाजा. तिथे फोन लागत नाही हे तर गल्लीतल्या पोराबाळांनाही माहीत. पान वर रस्त्यावर उघडलं असेल, पण बटण दाबलं ते खाली, आणि मागणी तिथून निघालीच नव्हती.

मग त्याने काय केलं, तर दुरुस्ती. चाक परत आणलं. उत्तर आल्याशिवाय हिरवी खूण नाही, आणि उत्तर आलंच नाही तर तांबड्या अक्षरांत, ‘नोंद झालेली नाही, पुन्हा पाठवा’. दुपारच्या आत काम संपलं. मागच्याने खांद्यावरून डोकावून विचारलं, की तक्रार नाही, काही नाही, आणि तू आपण होऊन दुरुस्ती करतोयस, तब्येत बरी आहे ना. धाकटा कसनुसा हसला. बाईंना तो काही बोलला नाही. पान आता चोख होतं. तिथे चूक होती असा मागमूसही उरला नव्हता. आता बोलून म्हातारी परत येणार आहे का, असं त्याने मनाला समजावलं. मन ऐकेना, पण तोंड मात्र गप्प राहिलं.

बेकरी पुन्हा उघडली. घंटा वाजली, टोपली वर आली, तिच्यात तिळाचा पाव होता. धाकट्याला घास उतरेना. उशीर झालाय म्हणून तो पाव कागदात गुंडाळून निघाला आणि कोपऱ्यावरच्या कुत्र्याला घातला. दुसऱ्या दिवशीही तेच. कुत्रं वाट बघायला लागलं. बेकरीसमोरून जाताना तो रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागला. एकदा बेकरीवाला पायऱ्यांवर उभा होता. त्याने नेहमीसारखी मान हलवली. धाकट्याला वाटलं, या माणसाने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

वहिनी प्रार्थनेला जायची तिथे दारावरच्या काकांची बायकोही यायची. तिच्याकडचं एकेक वहिनी घरी येऊन सांगे. काका दिवसभर खिडकीत बसून असतात. सुरुवातीला त्यांनी आरडाओरडा केला, आता म्हणतात, माझंच जाडं बोट लागलं असेल, ती काच मेली निसरडी. बेकरीवाला तर भेटेल त्याला विचारतो, की मी काही भलतंच दाबलं असेन का हो, माझ्या हाताला पीठ होतं. धाकटा ऐकून घ्यायचा. ज्यांचा काडीचा दोष नाही ती दोन माणसं आपापल्या बोटांना दोष देत बसली होती, आणि ज्याचं बोट होतं तो कोपऱ्यावरचं कुत्रं पोसत होता.

शेवटी एका रविवारी वहिनी फडक्याने खिडकीचे गज पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, की मी रोज देवाला एकच मागते आहे, खरं काय ते त्या बिचाऱ्यांना कळू दे. पण उत्तर काही येत नाही बघ.

धाकट्याने सांगून टाकलं. चाक, हिरवी खूण, ‘नंतर बघू’, बाईंना दिलेलं उत्तर, गुपचूप केलेली दुरुस्ती, सगळं. बोलताना तो तिच्याकडे न बघता टोपलीच्या वेताकडे बघत होता. बोलणं संपलं तरी वहिनी गज पुसतच राहिली. तो गज केव्हाच स्वच्छ झाला होता.

“भाऊजी,” ती म्हणाली, “तुम्ही हे मला का सांगताय? माझ्यापाशी कुणाचं काही अडकलेलं नाही.”

त्याला वाटलं होतं ती रागावेल, रडेल, निदान डोक्यावरून हात फिरवेल. तिने फडकं पिळलं, वाळत घातलं आणि आत गेली. देवासमोर ती त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली, पण काय बोलली ते देवालाच ठाऊक.

सोमवारी त्याने बाईंना सांगितलं. बाई त्या सुकलेल्या झाडाकडे बघत म्हणाल्या, की तू तपासलं नव्हतंस, आणि मी ते माझ्या तोंडाने त्यांना सांगितलं. चाक काढायलाही मीच लावलं होतं, हे त्या म्हणाल्या नाहीत, पण ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं. काम हातचं जाईल हे दोघांनाही कळत होतं. त्यांनी पर्स उचलली आणि म्हणाल्या, चल. इस्पितळाच्या व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकून घेतलं, शांतपणे काम काढून घेतलं, आणि काकांना बोलावणं धाडलं. बाईंनी धाकट्याला नोकरीवरून काढलं नाही. मात्र पुढे कितीतरी दिवस त्याने काही सांगितलं की त्या स्वतः उठून त्याच्या पडद्यापाशी येत आणि बटण दाबून बघत. त्याला ते बोचायचं, पण वावगं वाटायचं नाही.

काका परत दारावर उभे राहिले, त्या दिवशी धाकटा मुद्दाम गेला. त्याने सांगितलं, ते मीच. काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाले, इतके दिवस मी माझ्या या बोटाला शिव्या घातल्या, तेव्हा त्यातल्या अर्ध्या तुझ्या, जरा उभा राहा. आणि त्यांनी खरोखरच घातल्या, त्या दणदणीत आवाजात. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. धाकटा मान खाली घालून उभा राहिला. संपल्यावर काका म्हणाले, जा आता, माझी कामाची वेळ आहे. ते सोपं होतं. शिव्या खाऊन माणूस हलका होतो.

बेकरीच्या पायऱ्या उतरणं तसं नव्हतं.

बेकरीवाला पीठ मळत होता. त्याने बघून हसल्यासारखं केलं आणि विचारलं, आज टोपलीऐवजी तूच कसा खाली आलास. धाकट्याने उभ्यानेच सांगितलं. शब्द आधी जुळवून ठेवले होते, पण भट्टीच्या धगीपुढे ते सगळे वितळले आणि उरलं ते एवढंच, की तुमची मागणी इथून गेलीच नाही, ती गेली की नाही हे बघायचं काम माझं होतं, आणि ते न बघताच मी झालं म्हणून सांगितलं. तुम्हालाही आणि इस्पितळालाही.

बेकरीवाल्याचे हात पिठात थांबले.

“म्हणजे मी नीट दाबलं होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“तिला वाटलं असेल, मी आलोच नाही.”

बेकरीवाला पुन्हा मळायला लागला. पीठ केव्हाच मळून झालं होतं, तरी मळत राहिला. धाकटा म्हणाला, मला माफ करा. बेकरीवाला वर न बघता म्हणाला, “जा. भट्टी तापलीय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी टोपली घ्यायला आली तर धाकटा आधीच खिडकीत. त्याने टोपली खाली सोडली. दोरी गजाला बांधली नाही, हातातच धरली. ऑफिसची वेळ होत आली. खिशातला फोन थरथरला, त्याने काढला नाही. थोरल्याने आतून दोनदा हाक मारली, त्याने ओ दिली नाही. खाली बेकरीवाला पायऱ्या चढून वर आला, टोपलीशी वाकला, पुन्हा आत गेला. दोरीला झटका बसला तो थेट तळहातात जाणवला.

टोपली वर आली. तिच्यात एक कडक भाजलेला पाव होता आणि एक मऊ. तिळाचा नव्हता.

वहिनीने बघितलं. तिने आपला पाव मोडायला घेतला.

“राहू दे वहिनी,” तो म्हणाला. “ते तुझं आहे.”

ती थांबली. मग मोडलेला तुकडा तिने तसाच आपल्या ताटलीत ठेवला. धाकटा नुसता चहा पिऊन कामाला गेला. कोपऱ्यावरचं कुत्रं त्याच्यामागे थोडं चाललं आणि परत फिरलं.

त्यानंतर रोज टोपली तोच सोडतो. दोरी हातात धरून, झटका बसेतो उभा राहतो. त्यात रोज कडक पाव असतो, मऊ पाव असतो. थोरल्याला आतली गोष्ट आता ठाऊक आहे, पण जुनी सवय जात नाही. चहाचा कप घेऊन तो टेबलाशी बसतो आणि हाक मारतो, “काय झालंराव, झालं का?”

धाकटा खाली बेकरीच्या पायऱ्यांकडे बघत असतो.

“नाही,” तो म्हणतो. “अजून नाही.”